चँडलरची सावली पडते म्हणून चँडलर वाचणे सोडावे काय?

प्रश्न : मी गेली काही वर्षे गुन्हेकथा लिहिते आहे. अमेरिकन हार्डबॉइल्ड परंपरेतले, म्हणजे कणखर गुप्तहेरांच्या कोरड्या, रोखठोक गुन्हेकथा लिहिणारे, डॅशिएल हॅमेट, रेमंड चँडलर आणि रॉस मॅकडॉनल्ड हे माझे आवडते लेखक आहेत आणि त्यांची बहुतेक पुस्तके मी पुनःपुन्हा वाचली आहेत. माझी पहिली कादंबरी एका संपादकांनी परत पाठवली आणि सोबत ‘ही चँडलरची नक्कल वाटते’ एवढेच लिहिले. माझा निवेदक एकटा राहणारा खाजगी गुप्तहेर आहे, तो तिरकस बोलतो, पुष्कळ पितो आणि दिसेल त्या गोष्टीला उपमा देतो, हे मला मान्य आहे. एक स्नेही म्हणतात की, या लेखकांना आता काही काळ हात लावू नका. दुसरे म्हणतात की, हा प्रकार शिकायचा तर त्यांच्याकडूनच शिकावा लागेल. शिवाय त्या पुस्तकांतले स्त्रियांचे चित्रण मला मुळीच पटत नाही. ज्यांच्याशी इतका मतभेद आहे त्यांच्याकडून शिकता येते का, आणि येत असेल तर नेमके काय शिकावे?

उत्तर : वाचन थांबवू नका. संपादकांची तक्रार आपण चँडलर वाचल्याबद्दल नाही. चँडलरमध्ये जे लांबूनही दिसते तेवढेच आपण उचलले, अशी ती तक्रार आहे. बाटली, तिरकस उत्तर आणि उपमा या गोष्टी त्याच्या पुस्तकांत शोभेसाठी आलेल्या नाहीत. लिहिताना त्याच्यासमोर काही विशिष्ट अडचणी उभ्या राहिल्या आणि या गोष्टींनी त्या सोडवल्या. आपल्या कादंबरीत त्या अडचणीच नसतील तर त्यांची उत्तरे वाचकाला उसनी वाटणारच. म्हणून यापुढे आवडता उतारा वाचताना ‘हे किती छान लिहिले आहे’ यावर न थांबता ‘हे इथे नसते तर काय बिघडले असते’ हा प्रश्न विचारत चला.

अशा वाचनाचा उत्तम नमुना स्वतः चँडलरच आहे. तेल कंपनीतली मोठ्या पदाची नोकरी १९३२ साली गेल्यावर, चाळिशी उलटलेल्या या माणसाने स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या कथामासिकांसाठी लिहायचे ठरवले. त्याची पहिली कथा डिसेंबर १९३३मध्ये ‘ब्लॅक मास्क’ मासिकात आली. सुमारे अठरा हजार शब्दांच्या त्या कथेवर त्याने पाच महिने घालवले आणि तिचे त्याला १८० डॉलर मिळाले. पुढे अर्ल स्टॅनले गार्डनर या त्याच मासिकांत लिहिणाऱ्या गुन्हेकथाकाराला लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपली शिकण्याची पद्धत सांगितली आहे. त्याने गार्डनरचीच एक दीर्घकथा घेतली, तिचा अत्यंत तपशीलवार सारांश तयार केला, त्या सारांशावरून कथा स्वतः पुन्हा लिहून काढली आणि मग मूळ कथेशी ताडून पाहिली. जिथे आपले लेखन कमी पडले तिथे तो परत मागे गेला आणि पुन्हा लिहू लागला. एवढे करून ती कथा आपल्याला विकता येणार नाही याचे त्याला थोडे वाईटही वाटले, आणि ही प्रामाणिक कुरकुर मला त्या पत्रात विशेष आवडते.

या अभ्यासात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्याच्यासारखे लिहावेसे वाटते असा लेखक चँडलरने निवडला नव्हता. गार्डनरची भाषा आणि चँडलरची भाषा यांत कोणतेही साम्य नाही. प्रसंग कुठे सुरू करावा, माहिती केव्हा हाती द्यावी, वाचकाला पान उलटायला काय भाग पाडते, एवढेच त्याला गार्डनरकडून हवे होते, आणि भाषेपुरता त्याने स्वतःचाच रस्ता धरला. चँडलर आपल्या कानात आधीच मुरलेला असल्यामुळे हा अभ्यास आपण त्याच्यावर करू नये असे मला वाटते. सारांशावरून लिहायला बसलात तरी आपल्या लेखणीतून त्याचाच सूर उमटेल आणि ताडून पाहण्यासारखे काही उरणार नाही. त्यापेक्षा हॅमेट घ्या.

हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ ही १९३०ची कादंबरी आपण अनेकदा वाचली असेल, पण तिचे दुसरे प्रकरण या पद्धतीने एकदा लिहून पाहा. अंधारात टेलिफोन वाजतो, खाजगी गुप्तहेर सॅम स्पेडच्या तोंडची दोन-चार तुटक वाक्ये आपल्याला ऐकू येतात, आणि त्याचा भागीदार माइल्स आर्चर मारला गेला हे त्यातून समजते. त्यानंतर हॅमेट स्पेडच्या मनाविषयी एक अक्षरही लिहीत नाही. स्पेडची जाड बोटे सिगारेट कशी वळतात, कागदावर तंबाखू कशी पसरतात आणि कागदाची कड कशी आत दुमडतात, याचे मात्र तो सावकाश, लांबलचक वर्णन करतो. सारांशात आपण ‘स्पेडला बातमी कळते, तो सिगारेट वळतो’ असे लिहाल, आणि त्यावरून प्रसंग उभा करताना त्याच्या दुःखाचे किंवा दुःख न होण्याचे एखादे वाक्य घालण्याचा मोह आपल्याला नक्की होईल. मूळ पान समोर ठेवल्यावर दिसेल की, ते एक वाक्य आले असते तर सगळी कादंबरी कोसळली असती. हा माणूस पैशाला विकला जाईल का, ज्या स्त्रीवर त्याचे मन बसल्यासारखे वाटते तिला तो पाठीशी घालील का, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचकाला कळू नये यावरच ती उभी आहे. तृतीयपुरुषी निवेदनात नायकाच्या मनाचे दार बंद ठेवणे ही तिथे नुसती शैली राहत नाही, कथानकाचे कुलूपच त्या बंद दारावर लावलेले आहे. कोरडेपणाची लकब उचलणारे पुष्कळ आहेत, पण असे कुलूप लावणारे त्यांच्यात थोडेच सापडतात.

हॅमेटकडून घ्यावे असे आणखी एक आहे. १९१५पासून, मध्ये खंड पडत, काही वर्षे तो पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. त्यामुळे त्याच्या कथांतला निनावी गुप्तहेर, ‘कॉन्टिनेंटल ऑप’, गुन्ह्याचा शोध घेतो तो नेमून दिलेले काम म्हणून. माणसाच्या मागावर राहणे, ठिकाणांवर नजर ठेवणे, एकाच प्रश्नाची दहा जणांकडून दहा उत्तरे मिळवणे आणि वरिष्ठांना अहवाल देणे ही त्याची रोजची कामे आहेत. आपल्या पत्रात आपला निवेदक पितो, बोलतो आणि एकटा राहतो हे आले आहे, पण त्याला कोणते काम चांगले जमते हे आलेले नाही. ते कादंबरीतही आले नसेल तर एकही उपमा बदलण्याआधी ती जागा भरून काढा. त्यासाठी गुप्तहेराची नोकरी करावी लागत नाही. चँडलरनेही ती कधी केली नव्हती, परंतु तेल व्यवसायातल्या वर्षांत पैसा असलेली माणसे कशी बोलतात, कशी खोटे बोलतात आणि हाताखालच्यांना कसे वागवतात हे त्याने जवळून पाहिले होते, आणि त्याच्या पुस्तकांतल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत हे निरीक्षण ठायी ठायी दिसते.

आता उपमांकडे वळू, कारण आपले मुख्य दुखणे तिथे आहे. रॉस मॅकडॉनल्डची लू आर्चर या गुप्तहेरावरची पहिली कादंबरी, ‘द मूव्हिंग टार्गेट’, १९४९ साली आली. ती वाचून चँडलरने एका समीक्षक मित्राला पत्र लिहिले, आणि त्यात गंजलेल्या मोटारीला चेहऱ्यावरच्या मुरुमांची उपमा दिल्याबद्दल नापसंती व्यक्त केली. अशा शब्दयोजनेमुळे वाचकाचे लक्ष मोटारीवरून उडून लेखकाच्या आविर्भावाकडे जाते, असा त्याचा एकूण आक्षेप होता. टीकेला थोडी असूयेची किनार असावी असे मला वाटते, पण आक्षेप खरा आहे आणि तो चँडलरच्या उत्तरकालीन अनुकरणकर्त्यांना तर अधिकच लागू पडतो.

मग चँडलरच्या स्वतःच्या उपमा का खपतात? त्याचा गुप्तहेर-निवेदक फिलिप मार्लो आपल्या भावना सरळ कधीच सांगत नाही. आपण घाबरलो, दुखावलो, या घरात आपल्याला नोकराइतकीच किंमत आहे असे वाटले, यातले काहीही तो कबूल करत नाही. प्रथमपुरुषी निवेदन असूनही निवेदक स्वतःविषयी गप्प, अशी ही विचित्र स्थिती आहे. त्याने अडवून ठेवलेली भावना वस्तूंच्या वर्णनातून, अतिशयोक्तीतून आणि थट्टेतून बाहेर पडते. उपमा हे त्याच्या मनाचे एकमेव उघडे दार आहे. आपला निवेदक जर ‘मला फार एकटे वाटले’ असे सरळ म्हणत असेल आणि पुढच्याच ओळीत रस्त्यावरच्या दिव्यालाही उपमा देत असेल, तर दोन्हींपैकी एक गोष्ट फाजील आहे. हस्तलिखितातल्या प्रत्येक उपमेपाशी थांबून पाहा की, ती काढली तर निवेदकाविषयी आपल्याला काही कमी कळते का. जिथे कमी कळत नाही तिथे ती निर्दयपणे काढून टाका. बहुतेक जातील, असा माझा अंदाज आहे.

हाच घोटाळा नंतरच्या लेखकांची नक्कल करतानाही होतो. जेम्स एलरॉयने ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ या १९९०च्या कादंबरीत तारेच्या मजकुरासारखी तुटक भाषा वापरली. हस्तलिखित फार लांबल्यामुळे ते आटोक्यात आणायचे होते, आणि प्रसंग गाळण्याऐवजी त्याने वाक्यांतले शब्द गाळले. त्या तुटकपणाच्या मागे गच्च भरलेले कथानक होते. ते नसताना केवळ तुटकपणा उचलला तर हाती फक्त अपुरी वाक्ये लागतात.

चँडलरचे एक वाक्य लेखनाच्या मार्गदर्शनात सतत उद्धृत होते, आणि आपणही ते उपदेश म्हणून मनावर घेतले असेल. काय लिहावे हे सुचेनासे झाले की हातात पिस्तूल घेतलेला माणूस दारातून आत आणावा, असा त्याचा आशय आहे. परंतु त्या मासिकांना अखंड हालचाल कशी लागे आणि त्या मागणीपायी लेखन किती हास्यास्पद होऊ शके, याविषयी बोलताना त्याने ते म्हटले होते. त्याचे खरे मत १९४८च्या एका पत्रात सापडते. वाचकाला फक्त मारामारी हवी असते असे संपादक धरून चालतात, आणि वाचकालाही तसेच वाटते, पण प्रत्यक्षात संवादातून आणि वर्णनातून निर्माण होणारी भावनाच त्याला धरून ठेवते, असे तो तिथे म्हणतो. त्याने दिलेले उदाहरण मला त्याच्या साऱ्या उपमांपेक्षा मोलाचे वाटते. माणूस मारला गेला एवढे वाचकाच्या लक्षात राहत नाही. मरणाच्या क्षणी तो गुळगुळीत टेबलावरची कागदाची टाचणी उचलायच्या प्रयत्नात होता, ती बोटांतून निसटत होती, त्या धडपडीने त्याचा चेहरा ताणला गेला होता आणि मृत्यूची दारावरची थाप त्याला ऐकूही आली नाही, हे लक्षात राहते. आपल्या कादंबरीत माणसे मरत असतीलच. त्यांतला प्रत्येक जण त्या क्षणी कशात गुंतला होता हे आपल्याला माहीत आहे का, ते तपासा.

कथानकाची रचना चँडलरकडून शिकायला जाऊ नये, एवढे सांगून तो विषय संपवतो. ‘द बिग स्लीप’ ही कादंबरी त्याने आपल्याच जुन्या कथा जोडून तयार केली. तिच्यातला मोटारचालक कोणी मारला हे चित्रपट बनवणाऱ्यांनी त्याला विचारले तेव्हा त्यालाही सांगता आले नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. रचनेसाठी मॅकडॉनल्ड वाचा.

मॅकडॉनल्ड वाचण्याचे आणखी एक कारण आहे. नक्कल करणारा लेखक स्वतःचा कसा होतो हे त्याच्या पुस्तकांच्या क्रमात स्पष्ट दिसते, आणि त्याला किती वेळ लागतो हेही दिसते. ‘द मूव्हिंग टार्गेट’नंतर पूर्ण दहा वर्षांनी, १९५९ साली, त्याची ‘द गॅल्टन केस’ आली. हरवलेल्या वारसाचा शोध हा तिचा विषय, आणि तो वारस असल्याचा दावा करणाऱ्या तरुणाची पाळेमुळे कॅनडात सापडतात. स्वतः मॅकडॉनल्ड कॅलिफोर्नियात जन्मला आणि कॅनडात वाढला होता, व तो लहान असतानाच त्याचे वडील घर सोडून गेले होते. स्वतःची ही जखम त्याने चँडलरकडून आलेल्या साच्यात घातली, आणि त्याबरोबर तो साचाच बदलला. एका पिढीचा गुन्हा पुढच्या पिढीच्या माथी येतो ही त्याची कायमची कथा झाली, आणि आर्चर बोलण्यापेक्षा ऐकू अधिक लागला. आर्चर इतका पातळ आहे की तो कुशीवर वळला तर जवळजवळ दिसेनासा होतो, अशा अर्थाचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. हे चँडलर टाळून घडले नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे दुसरे काही आले, एवढेच झाले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथूनच सुरू होते, आणि माझ्या मते तोच आपल्या पत्रातला खरा महत्त्वाचा भाग आहे. जे पटत नाही ते शिकण्याच्या आड येते असे आपण मानता. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली या प्रकारातली सर्वांत जोमदार पुस्तके मात्र न पटण्यातूनच आली आहेत. सारा पॅरेट्स्की शिकागोत विमा कंपनीत काम करत होती. आपले सौंदर्य वापरणारी बाई बहुधा गुन्हेगारच निघते, या चँडलरच्या पुस्तकांतल्या गृहीतकाने ती चिडली होती. १९८२ साली तिची खाजगी गुप्तहेर व्ही. आय. वॉर्शॉस्की ‘इंडेम्निटी ओन्ली’ या कादंबरीत आली. प्रथमपुरुषी निवेदन, तिखट जीभ, मोठे शहर आणि मोठ्या पैशाची सडकी बाजू हे सारे तिने ठेवले. नायक एकटाच असला पाहिजे हे मात्र तिने मानले नाही, म्हणून वॉर्शॉस्कीला डॉक्टर लॉटीसारखी मैत्रीण आहे आणि त्या मैत्रीची जबाबदारीही आहे. त्याच वर्षी सू ग्राफ्टनची गुप्तहेर किन्सी मिलहोन अवतरली, आणि तिचे गाव म्हणून ग्राफ्टनने मॅकडॉनल्डचे काल्पनिक सांता तेरेसा उघडपणे, आदराने घेतले. ऋण कबूल करण्याची ही रीत मला फार देखणी वाटते.

याहूनही शिकण्यासारखे उदाहरण वॉल्टर मोझ्लीचे आहे. चँडलरच्या ‘फेअरवेल, माय लव्हली’ या १९४०च्या कादंबरीच्या आरंभी एक धिप्पाड गोरा माणूस लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या मद्यगृहात घुसतो, आणि तिथली माणसे मार्लोच्या नजरेतून आपल्याला जेमतेम दिसतात. मोझ्लीच्या ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ या १९९०च्या कादंबरीचा आरंभही तसाच आहे. याच शहरात, १९४८ साली, एक गोरा माणूस अशाच मद्यगृहात शिरतो, पण या वेळी आपण आत बसलेल्या इझी रॉलिन्सच्या डोळ्यांनी दाराकडे पाहत असतो. एवढ्या एका बदलाने पुढचे सर्व काही बदलावे लागते. मार्लो पोलीस ठाण्यात उर्मटपणा करू शकतो, इझी करू शकत नाही. मात्र पोलिसांशी जी माणसे कधीच बोलणार नाहीत ती त्याच्याशी बोलतात. मार्लो हे काम का करतो याचे उत्तर त्याच्या मानी स्वभावात शोधावे लागते, तर इझीची विमान कारखान्यातली नोकरी गेली आहे आणि त्याला घराच्या कर्जाचा हप्ता भरायचा आहे. हा हप्ता पाहा. जुन्या नायकाच्या बाणेदारपणाची जागा मोझ्लीने एका रोख गरजेला दिली, आणि तरीही इझीचा मान कमी होत नाही. आपल्या निवेदकाला दर महिन्याला काय भरावे लागते, हे आपण ठरवले आहे का?

मोझ्लीच्या आधी चेस्टर हाइम्सने हा रस्ता काढला होता. तो तुरुंगात असताना लिहू लागला, पुढे पॅरिसला गेला, आणि तिथे ‘सेरी न्वार’ या गुन्हेकथा-मालेचे संपादक मार्सेल दुआमेल यांच्या आग्रहावरून त्याने हार्लेममधल्या दोन कृष्णवर्णीय पोलीस गुप्तहेरांवर लिहायला घेतले. १९५७पासून आलेली ती पुस्तके जुन्या साच्यातली असूनही इतकी भडक, हिंस्र आणि विनोदी आहेत की त्यांना कोणाची नक्कल म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

वाचन सोडा म्हणणाऱ्या स्नेह्यांना गुन्हेकथाकार मायकेल कॉनलीचे उदाहरण सांगा. नवे पुस्तक सुरू करण्यापूर्वी आपण चँडलरच्या ‘द लिटल सिस्टर’चे तेरावे प्रकरण वाचतो असे त्याने सांगितले आहे. मार्लो रात्री शहरातून मोटार चालवत फिरतो, एवढेच त्या प्रकरणात घडते. कॉनली त्यातून मनःस्थिती घेतो आणि मग वृत्तपत्रासाठी गुन्ह्यांच्या बातम्या देताना पोलीस खात्याविषयी जमवलेल्या स्वतःच्या माहितीकडे वळतो. त्याचा नायक खाजगी गुप्तहेर म्हणून आला नाही, पोलीस खात्यातला माणूस म्हणून आला, ही निवडही त्या माहितीतूनच झाली असावी.

मेगन ॲबटने या परंपरेतल्या कणखर गोऱ्या पुरुषांवर आधी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि नंतर कादंबऱ्या. तेवढा खटाटोप आपण करायची गरज नाही, पण त्यानंतर तिने काय केले ते पाहण्यासारखे आहे. ‘डाय अ लिटल’ या २००५च्या पहिल्या कादंबरीत काळ १९५०च्या दशकातला आहे, शहर लॉस एंजेलिसच आहे, आणि गूढ भूतकाळ असलेली मोहक स्त्रीही आहे. तिच्यावर नजर ठेवणारी निवेदिका मात्र तिची नणंद, एक शाळाशिक्षिका आहे. जुन्या पुस्तकांत जी बाई फक्त पाहिली जात असे तिला आता दुसरी बाई पाहते आहे, आणि त्या पाहण्यात संशयाबरोबर ओढही आहे.

म्हणून आपल्यासाठी माझी सूचना अशी. आपल्या आवडत्या पुस्तकांतले असे एक पान काढा की जिथे एखादी स्त्री गुप्तहेराच्या कचेरीत येऊन त्याच्याशी खोटे बोलते, आणि जे वाचताना आपल्याला राग येतो. त्या प्रसंगाचा चँडलरच्या पद्धतीने सारांश करा, आणि मग तोच प्रसंग तिच्या बाजूने लिहा. ती घरून निघताना काय ठरवून निघाली, कोणते खोटे तिला सहज जमते आणि कोणते जमत नाही, टेबलापलीकडच्या त्या चतुर बोलणाऱ्या पुरुषाला ती काय समजते, आणि तिथून बाहेर पडल्यावर तिला कोणाला तोंड द्यायचे आहे, हे सर्व त्यात येऊ द्या. उपमा तिला सुचत असतील तरच द्या. त्या लेखनातून स्वतःच्या कारणांनी वागणारी एखादी व्यक्ती उभी राहिली आणि पुढच्या आठवड्यातही ती आपल्या डोक्यातून गेली नाही, तर परत आलेली कादंबरी दुरुस्त करत बसू नका. ती बाजूला ठेवा आणि या स्त्रीची कादंबरी लिहायला घ्या.